आडनाव काय? ट्रॉम्बेच्या गल्लीतून दिसलेले जग



प्रवासवर्णन म्हटले की काश्मीरचा बर्फ, उटीचे चहाचे मळे नाही तर लंडनचे मोठे घड्याळ डोळ्यांपुढे येते. आपल्या घरातला प्रवास एवढा लांबचा नसतो. हार्बर लाईनने मानखुर्दला उतरायचे, बेस्टच्या बसमध्ये पिशव्या सांभाळत उभे राहायचे आणि नातेवाइकांकडे दोन घास खाऊन परतायचे, हाच आपला प्रवास. गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी मीही असाच प्रवास केला. गेले होते ट्रॉम्बेला मावसभावाच्या घरी. परंतु संध्याकाळी परत निघाले तेव्हा चार-पाच देश पायाखालून घालून आल्यासारखे वाटत होते. त्या सफरीची ही हकीगत.

अणुभट्टीच्या सावलीतली वस्ती

जुनी माणसे ट्रॉम्बेला अजून तुर्भे म्हणतात. एके काळी हे साष्टीपासून वेगळे बेट होते. मध्ये खाडी, खाजण आणि चिखल. पुढे भरणी झाली, रस्ता झाला, तेलाचे कारखाने आले, टाटांचे वीजकेंद्र आले. १९५४ साली डोंगराच्या पायथ्याशी अणुशक्तीचे केंद्र उभे राहू लागले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. देशाने अणू फोडला त्याच वर्षी आपण जात फोडायला निघालो, असे आमचे भाऊ नेहमी म्हणतात.

भाऊ म्हणजे माझे मावसभाऊ. आयटीआय करून फिटर झाले आणि वीस-बावीस वर्षे जहाजांवर व गोद्यांमध्ये काम करून आता घरी बसले आहेत. त्यांचे बालपण जनता कॉलनीत गेले. ही कॉलनी अणुशक्तीच्या वसाहतीला लागून होती. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणी चालू असताना, ती जमीनदोस्त करण्यात आली आणि सुमारे सत्तर हजार माणसांना ट्रॉम्बेच्या खाडीकडच्या दलदलीत आणून सोडण्यात आले. तोच आजचा चिता कॅम्प. त्या कॉलनीसाठी लढणारे जोकिन अर्पुथम पुढे झोपडीवासीयांचे जगभर नावाजलेले कार्यकर्ते झाले. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु त्या दिवशी ट्रकवरून उतरलेल्या माणसांच्या नशिबी आला तो चिखल, चार बांबू आणि एक छोटासा तुकडा जमीन.

एक गोष्ट मात्र त्या चिखलात आपोआप घडली. शेजारी कोण हे निवडायची सोय कुणालाच नव्हती. तमिळ, मल्याळी, मराठी, उत्तरेकडचे. मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, सगळे एकाच नळावर आले. आज चिता कॅम्पच्या गल्लीतून चालताना अजान ऐकू येते, पुढच्या वळणावर तमिळ गाणे लागलेले असते आणि त्याच्या पुढे निळा झेंडा दिसतो. भांडणे होत नाहीत असे नाही. पण भाऊंच्या आईच्या अखेरच्या आजारात रात्री दवाखान्यात बसायला आलेली बाई समोरच्या घरातली तमिळ मुसलमान होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि रस्त्याच्या पलीकडे अणुशक्तीनगर. तेथे भिंत, पहारा, झाडी आणि उंच इमारती. त्या वसाहतीतही सर्व प्रांतांची, सर्व जातींची माणसे शेजारी शेजारी राहतात, कारण क्वार्टर मिळते ती पगाराच्या श्रेणीवर, आडनावावर नाही. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला सरकारी नियमाने शेजार मिसळला, दुसऱ्या बाजूला सरकारी बुलडोझरने.

दारावरचा प्रश्न

भाऊंनी घरावर माडी चढवली आहे. वरची खोली भाड्याने द्यायची होती. आम्ही जेवायला बसणार तोच दारात एक तरुण जोडपे आले. मुलीच्या कडेवर तान्हे मूल. एजंटने पाठवले होते. वहिनींनी त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले, मुलाच्या हातात बिस्किट दिले आणि मग विचारले, “आडनाव काय तुमचं?”

मुलगा जरा थांबला. आडनावाऐवजी त्याने गाव सांगितले, “आम्ही जालन्याकडचे. परतूर तालुका.” वहिनी म्हणाल्या, “ते खरं, पण आडनाव?” त्याने आडनाव सांगितले. काम काय, तर महापालिकेच्या कंत्राटदाराकडे गटारसफाई. वहिनींचा चेहरा बदलला नाही. आवाजही गोडच होता. त्या म्हणाल्या, “घरात विचारून सांगते हं.”

जोडपे गेले. माझ्या ताटातला घास मात्र गिळवेना. कारण हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. १९८८ साली लग्नानंतर आम्ही दोघे उपनगरात खोली शोधत होतो. एका ठिकाणी घर पसंत पडले, टोकन दिले. मालकांनी सहज आडनाव विचारले. यांनी खरे सांगितले. दुसऱ्या दिवशी टोकन परत आले. “घरात विचारलं, मुलाचं लग्न ठरतंय, खोली लागेल.” ती खोली पुढे चार महिने रिकामी होती. जाता-येता मी त्या खिडकीकडे पाहत असे.

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या सारे लक्षात आले असावे. वहिनींना ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, “चल ताई, बंदरावर जाऊन येऊ.” निघताना कपाटातली जुनी फाईल काखेत घेतली. भाऊंच्या या फाईलला घरात सगळे हसतात. पण जहाजावरून जेथे जेथे गेले तेथली आणि नंतर येथल्या वर्तमानपत्रांची कात्रणे त्यांनी त्यात जपून ठेवली आहेत.

हुजूर आणि मजूर

कोळीवाड्यातून आम्ही बंदराकडे गेलो. सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास, ओढून ठेवलेल्या होड्या, तिवरांची रांग आणि खाडीपलीकडे नवी मुंबईच्या इमारती. धक्क्याच्या कठड्यावर बसून मी भाऊंना विचारले, “तुम्ही एवढे देश पाहिले. माणसाला माणूस म्हणून दारात घेणारा देश कोणता?”

भाऊ हसले. म्हणाले, “मीही आधी हेच शोधत होतो. मला वाटायचं, पुराणमतवादी पक्षाचं राज्य असलं की तिथं माणसं घट्ट मनाची, आणि पुढारलेल्या पक्षाचं असलं की मोकळ्या मनाची. पण ताई, हिशेब इतका सरळ नाही. हे बघ.” आणि त्यांनी लंडनचे कात्रण काढले.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपल्याला माहीत आहे. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब तेथे राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेतले आणि त्याचे स्मारक केले. परंतु शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दी व आवाजाची तक्रार केली. कॅम्डेन नगर परिषदेने २०१८ मध्ये स्मारकाला परवानगी नाकारली. ही नगर परिषद मजूर पक्षाची, म्हणजे कामगारांची बाजू घेणाऱ्यांची. अपील झाले, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी दिली ती हुजूर पक्षाच्या मंत्र्याने! हुजूर पक्ष म्हणजे इंग्लंडचा जुना पुराणमतवादी पक्ष.

मग हुजूर पक्ष आपला मित्र म्हणायचा का? पुढचे कात्रण पाहा. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद मजूर पक्षाच्या सरकारने ठेवली होती, पण ‘करता येईल’ एवढ्याच शब्दांत. २०१३ साली संसदेने त्याचे ‘केलेच पाहिजे’ असे केले. तेव्हा सरकार हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालीच होते. आणि २०१८ च्या जुलैमध्ये हुजूर पक्षाच्याच सरकारने जाहीर केले की जातीचा वेगळा उल्लेख करणार नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. हे निकाल अगदीच पोकळ नाहीत. भारतातून नेलेल्या एका आदिवासी मोलकरणीला तिच्या मालकांनी वर्षानुवर्षे राबवले होते. तिला २०१५ साली तेथील न्यायाधिकरणाने एक लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक थकीत पगार देवविला. पण प्रत्येक गरीब माणूस न्यायालयापर्यंत पोहोचतो का?

याच हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल १९६८ साली काळ्या व आशियाई लोकांविरुद्ध विष ओकले. तेव्हा संसदेपुढे जे विधेयक होते त्यात वर्ण पाहून घर नाकारण्यास बंदी होती. त्यालाच पॉवेल यांचा विरोध होता. त्यांच्या पक्षाच्या नेत्याने त्यांना लगेच पदावरून काढले, आणि विधेयकाचा कायदाही झाला. पॉवेल ज्या वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार होते त्याच गावात आज पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी बांधवांचा बुद्धविहार उभा आहे. आणि त्याच पक्षाचे ऋषी सुनक २०२२ ते २०२४ पंतप्रधान होते. भारतीय वंशाचा माणूस पंतप्रधान होऊ शकतो, पण भारतीयांनी सोबत नेलेली जात कायद्यात लिहायची नाही, असा हा प्रकार आहे.

अमेरिकेतही तेच. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या व मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबरात गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. चालू कायद्यात ते आलेच आहे, हे त्यांचे कारण. हे गव्हर्नर पुराणमतवादी पक्षाचे नव्हते, पुढारलेल्या समजल्या जाणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे होते.

मालवणच्या मुलाचा देश

“आता आपल्या कोकणातल्या माणसाची गोष्ट,” भाऊ म्हणाले. मालवण तालुक्यातील वराड गाव. तेथील वराडकर घराण्यातले एक डॉक्टर मुंबईहून परदेशी गेले आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला. वडील मुंबईचे, रंग सावळा, आणि स्वतः समलिंगी असल्याचे त्यांनी २०१५ मध्ये उघडपणे सांगितले होते. त्यांचा फाइन गेल हा पक्ष उजवीकडे झुकणारा. देश कॅथॉलिक, कर्मठ. तरी त्या देशाच्या जनतेने २२ मे २०१५ रोजी सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली. शंभरातील बासष्ट मते बाजूने पडली. पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरात वराडकर आपल्या मूळ गावी येऊन गेले तेव्हा गावाने त्यांचे स्वागत केले.

मी म्हणाले, “मग हाच तो देश!”

“थांब,” भाऊंनी दुसरे कात्रण पुढे केले. आयर्लंडमध्ये ‘ट्रॅव्हलर’ नावाचा एक समाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या फिरस्ते, गाडीघरात राहणारे. आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांची आठवण यावी असे. सार्वमताच्या त्याच वर्षी, १० ऑक्टोबर २०१५ रोजी, डब्लिनजवळ त्यांच्या तळावर आग लागून दहा माणसे मेली. पाच तर मुले होती. वाचलेल्या कुटुंबांना तात्पुरते राहण्यासाठी जवळच जागा ठरली, तेव्हा तेथील रहिवाशांनी रस्ता अडवला. आमच्या गल्लीत ही माणसे नकोत! शेवटी त्या दुःखी कुटुंबांना दुसरीकडे न्यावे लागले. मार्च २०१७ मध्ये आयर्लंडच्या संसदेत पंतप्रधानांनी ट्रॅव्हलर हा स्वतंत्र वांशिक समाज असल्याची मान्यता जाहीर केली. मान्यता मिळाली, शेजार मिळणे अजून बाकी आहे.

वाचकहो, ही गोष्ट ऐकून मी बराच वेळ गप्प होते. मे महिन्यात उदार असलेला देश ऑक्टोबरात अनुदार झाला असे नाही. माणसाचे मन एका दारासाठी उघडते आणि दुसऱ्यासाठी बंद राहते. आपल्या घरातला, आपल्या ओळखीचा कुणी समलिंगी असू शकतो, हे त्या लोकांना दिसले. ट्रॅव्हलर मात्र त्यांच्या घरातला नव्हता, त्यांना तो गल्लीच्या टोकावरची घाण वाटत होता.

पत्त्यावरून जात

जपानचे कात्रण सर्वांत जुने आणि पिवळे पडलेले होते. जपानी माणूस दिसायला एक, भाषा एक, धर्मही बहुतेक एक. तरीही तेथे बुराकू नावाचे लोक आहेत. पूर्वी मेलेली जनावरे उचलणे, कातडी कमावणे, खाटीककाम ही त्यांची कामे. गावाबाहेर त्यांच्या वस्त्या. ओळखीचे वाटते ना? १८७१ साली सरकारी फर्मानाने ही अस्पृश्यता कागदावरून नाहीशी झाली. १९२२ मध्ये त्यांनी आपली ‘सुईहेईशा’ ही चळवळ उभी केली. महाडच्या पाच वर्षे आधी!

रंग वेगळा नाही, आडनावावरून खात्री नाही, मग भेद करायचा कसा? पत्त्यावरून. १९७५ साली उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून गुपचूप विकल्या जात होत्या आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. नोकरीला आलेल्या मुलाचा पत्ता यादीत पाहायचा आणि नकार कळवायचा. तेथेही बहुतेक काळ पुराणमतवादी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचेच राज्य. पण याच पक्षाच्या सरकारने १९६९ पासून २००२ पर्यंत खास कायद्याखाली त्या वस्त्यांत घरे, रस्ते, शाळा बांधण्यासाठी मोठा पैसा ओतला. घरे सुधारली. मने पुरती सुधारली नाहीत, म्हणून २०१६ मध्ये भेदभाव नाहीसा करण्यासाठी पुन्हा कायदा करावा लागला, आणि त्यातही शिक्षेची तरतूद नाही.

“चिता कॅम्प, मानखुर्द, गोवंडी असा पत्ता सांगितला की आपल्या पोरांना मुलाखतीत काय वाटतं, ते त्या जपानी पोराला विचारलं तरी तो सांगेल,” भाऊ म्हणाले.

सिंगापूरमध्ये त्यांनी सर्वांत जास्त दिवस काढले. तेथे १९५९ पासून एकाच पक्षाचे राज्य. सभा, मोर्चे, वर्तमानपत्रे, सगळ्यांवर करडी नजर. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे इंग्रजी काळातील कलम त्यांनी २०२२ मध्ये जाऊन काढले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते काम २०१८ मध्येच केले होते. इतका बंदिस्त देश. परंतु १९६४ साली तेथे चिनी व मलय लोकांत दंगली झाल्या होत्या, आणि वस्त्या पुन्हा जातवार होऊ नयेत म्हणून १९८९ मध्ये नियम झाला: सरकारी इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे कमाल प्रमाण ठरलेले. दहातील जवळजवळ आठ माणसे सरकारी घरांत राहतात. त्यामुळे एकाच जिन्यावर तिन्ही समाज येतात. या नियमाचा काच अल्पसंख्याकांना जास्त बसतो, घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळते. शिवाय भाऊंसारखे कंत्राटी परदेशी कामगार या नियमात येतच नाहीत. ते शहराच्या कडेला, मोठमोठ्या वसतिगृहांत. २०२० च्या कोरोनात तेथे साथ सर्वांत जास्त पसरली ती याच वसतिगृहांतून. म्हणजे नागरिकासाठी मिसळलेला शेजार आणि मजुरासाठी वेगळी खोली.

पिवळे चीवरही सोवळे होऊ शकते

येथपर्यंत ऐकताना माझ्या मनात एक समाधान होते. हे सगळे इतरांचे दोष! पण भाऊंनी फाईल मिटली नाही. “आपल्या धम्माचे देश राहिलेत,” ते म्हणाले.

श्रीलंकेत, १९५६ सालीच, एकट्या सिंहली भाषेला राजभाषा करणारा कायदा झाला. बुद्धाच्या नावाने राजकारण करणाऱ्यांनी त्यासाठी जोर लावला होता. १९८३ च्या जुलैत तमिळांची घरे जाळली गेली आणि पुढची सव्वीस वर्षे देश युद्धात होरपळला. तेथील भिक्खूंच्या सर्वांत मोठ्या निकायात उच्च समजल्या जाणाऱ्या एकाच जातीला उपसंपदा देण्याची प्रथा आहे. म्यानमारमध्ये २०१७ साली सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून गेले. त्या वेळी सरकार लोकशाहीसाठी नोबेल मिळवलेल्या नेत्याच्या पक्षाचे होते, आणि द्वेषाची भाषणे करणाऱ्यांत चीवरधारीही होते.

ज्या बुद्धाने उपाली न्हाव्याला आणि सुनीत भंग्याला संघात घेतले, त्याच्या नावाने हे घडावे! म्हणून केवळ बौद्ध म्हणवून घेतल्याने माणूस सहिष्णू होत नाही. पक्षाच्या पाटीवर विसंबू नये, तसे धर्माच्या पाटीवरही नाही.

घरात विचारून सांगतो

भरती येत होती. होड्या हलू लागल्या. भाऊंनी मला विचारले, “बडोद्याची गोष्ट आठवते?”

कोणत्या आंबेडकरी माणसाला आठवत नाही? १९१७ साली न्यूयॉर्क आणि लंडन पाहून बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून पारशांच्या सरायीत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेले. बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितले, पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. तो मूळचा ब्राह्मण. धर्म बदलला होता, घरातले सोवळे बदलले नव्हते. दोघेही मित्र वाईट नव्हते. काठ्या त्यांच्या हातात नव्हत्या. पण बाबासाहेबांना शेवटी बागेत बसावे लागले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतावे लागले.

“घरात विचारून सांगते.” मघाशी वहिनी हेच म्हणाल्या होत्या. आपणही धर्म बदललेलीच माणसे आहोत.

आपल्या देशात काय आहे? राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. परंतु जात किंवा धर्म पाहून भाड्याचे घर नाकारणाऱ्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. उलट अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले की सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते. कायदा हवाच. सिंगापूर आणि अणुशक्तीनगर दाखवते की नियम असला तर शेजार मिसळतो. पण आयर्लंड आणि जपान दाखवते की कायद्यामागे समाजाचा विवेक नसेल तर कायदा दारापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर थांबतो. १९४३ साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनी हेच बजावले होते: हक्काचे खरे रक्षण समाजाची नैतिक जाणीव करते.

अणुशक्तीनगर मतदारसंघाने २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसला, २०१४ मध्ये शिवसेनेला, २०१९ मध्ये पुन्हा राष्ट्रवादीला निवडून दिले. आमदार बदलले, झेंडे बदलले. वरची खोली कोणाला द्यायची हा निर्णय मात्र कोणत्याच आमदाराने घेतला नाही. तो नेहमीच घरातल्या बाईने आणि बाप्याने घेतला आहे.

परतलो तेव्हा वहिनी चहा ठेवत होत्या. भाऊंनी फाईल कपाटात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “शहात्तर साली ट्रकमधून उतरलो तेव्हा पहिली रात्र आपण कुणाच्या ताडपत्रीखाली काढली, तुला सांगितलं होतं ना?”

वहिनींनी चहात साखर घातली. म्हणाल्या, “सांगितलं होतं. ते सफाईवाले होते.” मग जरा वेळाने, “मी मुद्दाम नाही हो विचारलं. माहेरी सगळे विचारायचे. आम्हालाही विचारायचे. तोंडाला सवय लागली.” माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्या टोकनची गोष्ट मला ठाऊक आहे. मघाशी तुम्ही जेवला नाहीत, तेव्हाच कळलं मला.”

नातवाने एजंटला फोन लावला. वहिनींनी फोन हातात घेतला. “त्या परतूरच्या मुलाला पाठव. डिपॉझिट आणि दोघांचं आधार कार्ड आणायला सांग. अकरा महिन्यांचा करार करू. आणि पाणी सकाळी सहाला येतं, ते त्याला आधीच सांग, कामाला लवकर जातो तो.” एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. आडनाव उच्चारले नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. अणुशक्तीनगरची भिंत मागे गेली, मानखुर्दचा पूल आला. आपल्यातल्या कित्येकांनी आता घाम गाळून माडी चढवली आहे, गावी दोन खोल्या बांधल्या आहेत, एसआरएच्या इमारतीत घर मिळवले आहे. काल आपण दाराबाहेर उभे होतो. आज दार आपल्या हातात आहे. तेव्हा भगिनींनो, उद्या कुणी खोली विचारायला आले तर भाडे विचारा, माणसे किती ते विचारा, पाण्याची वेळ सांगा. आडनाव विचारण्याचे तेवढे राहू द्या.

जयभीम.